भाड्याच्या घरांच्या शोधात ‘० निकाल’: कोणती अट सैल करायची हे कसं ठरवायचं? (पोस्टग्रेस)

प्रश्न: तळमजला

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या भाड्याच्या घरांसाठी शोध-स्क्रीन आहे. मागे पोस्टग्रेस १५ (डेटाबेस), पुढे जँगो (पायथनची वेब-चौकट). चालू जाहिराती साधारण ४० हजार, सगळ्या एकाच टेबलात. स्क्रीनवर भाग, बीएचके, कमाल भाडं, पार्किंग, पाळीव प्राणी चालतील का, मजला वगैरे फिल्टर आहेत आणि सगळ्या अटी ‘अँड’ने जोडल्या जातात (म्हणजे प्रत्येक अट पाळली गेलीच पाहिजे).

अडचण अशी की चार-पाच फिल्टर लावले की बऱ्याचदा रिकामा तक्ता येतो. त्यावर ‘कृपया तुमचे निकष बदलून पाहा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणता निकष बदलायचा, किती बदलायचा, हे काहीच कळत नाही. शिवाय भागाच्या नावात शुद्धलेखन चुकलं तरी शून्यच.

दोन उपाय समोर आहेत:
१. निकाल शून्य आला की शेवटी लावलेला फिल्टर गुपचूप काढून पुन्हा शोधायचं.
२. सगळं इलॅस्टिकसर्चवर (वेगळं शोध-इंजिन) नेऊन ‘अँड’चं ‘ऑर’ करायचं (एखादी अट जुळली तरी चालेल) आणि गुणांनुसार क्रम लावायचा.

दोन्ही पटत नाहीत. शोध लवचीक हवा, पण वापरकर्त्याला फसवल्यासारखं वाटायला नको. हे नीट कसं बांधतात?

---

उत्तर: बिटवाली

दोन्ही नकोत. शेवटचा फिल्टर काढणं म्हणजे ज्याने दार उघडलं त्यालाच चोर ठरवणं. दोष पहिल्या आणि तिसऱ्या अटीच्या जोडीतही असू शकतो. आणि ‘ऑर’ केलं तर दोन बीएचके मागणाऱ्याला वारज्यातला एक आरके पहिल्या पानावर दिसेल.

आधी निदान, मग सैलपणा. निकाल शून्य का आला हे डेटाबेसला माहीत असतं, आपण फक्त विचारत नाही.

हा विषय बराच जुना आहे. कॅप्लन या संशोधकांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणारी को-ऑप नावाची प्रणाली केली होती, १९८२ मध्ये त्यावर लेखही आला. मुद्दा साधा होता. ‘अमुक सत्रात अमुक विषयात कोण नापास झालं?’ याला ‘कोणी नाही’ हे उत्तर तर्काने बरोबर, पण त्या सत्रात तो विषय शिकवलाच गेला नसेल तर ते उत्तर दिशाभूल करतं. विचारणाऱ्याने जे गृहीत धरलंय तेच चुकीचं आहे, हे आधी सांगायला हवं. पुढे गॉडफ्रे यांनी १९९७ मध्ये अपयशी क्वेरीचा (शून्य निकाल देणाऱ्या शोधाचा) सर्वांत लहान अपयशी भाग शोधणं किती महाग पडतं, याचा हिशोब मांडला. त्याला मी ‘किमान अपयशी संच’ म्हणते: अटींचा असा गट, जो एकत्र लावला की निकाल शून्य, पण त्यातली कुठलीही एक अट काढली की काहीतरी मिळतं.

पाच अटींचे रिकामा सोडून ३१ उपसंच होतात. तितक्या क्वेरी मारायची गरज नाही. टेबल एकदाच वाचा आणि प्रत्येक ओळ कोणकोणत्या अटी पाळते याचा बिटमास्क काढा: प्रत्येक अटीला एक बिट (१, २, ४, ८, १६), पाळलेल्या अटींच्या बिटांची बेरीज म्हणजे मास्क. (कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत, चालवताना बदलून घ्या.)

सिलेक्ट
(केस व्हेन भाग = 'वारजे' देन १ एल्स ० एंड)
+ (केस व्हेन बीएचके = २ देन २ एल्स ० एंड)
+ (केस व्हेन भाडे <= १५००० देन ४ एल्स ० एंड)
+ (केस व्हेन पार्किंग देन ८ एल्स ० एंड)
+ (केस व्हेन पाळीव_प्राणी देन १६ एल्स ० एंड) ॲज मास्क,
काउंट(*), मिन(भाडे)
फ्रॉम जाहिराती ग्रुप बाय मास्क;

सगळ्या अटी पाळणाऱ्या ओळीचा मास्क ३१. तो गट नाही म्हणूनच निकाल शून्य. समजा आलेल्या गटांत इतर कुठल्याही गटात न मावणारे, म्हणजे सर्वांत मोठे, तीन आहेत:

मास्क १५ – ४ ओळी (फक्त पाळीव प्राण्यांची अट मोडते)
मास्क २७ – २ ओळी, किमान भाडं १७,५०० (फक्त भाडं मोडतं)
मास्क ३० – ३ ओळी (फक्त भाग मोडतो)

आता प्रत्येकात नसलेले बिट बघा: १६, ४, १. कुठलाही अपयशी गट या तिन्हींना स्पर्श केल्याशिवाय अपयशी होऊच शकत नाही. म्हणून किमान अपयशी संच इथे एकच: भाग + भाडं + पाळीव प्राणी (१ + ४ + १६ = २१). बीएचके आणि पार्किंग निर्दोष आहेत. त्यांना हात लावून काही उपयोग नाही. मोठे गट जास्त असले, एकेकात दोन-तीन बिट कमी असले, तरी नियम तोच: प्रत्येक मोठ्या मास्कमध्ये नसलेल्या बिटांचे संच घ्या आणि त्या सगळ्यांतून किमान एकेक घटक उचलणारे सर्वांत लहान संच काढा. पायथनमध्ये वीसेक ओळींचं काम.

स्क्रीनवर असं दिसायला हवं:

‘वारज्यात १५,००० च्या आत पाळीव प्राणी चालणारं घर सध्या नोंदलेलं नाही.
पाळीव प्राण्यांची अट काढली तर ४ घरं · भाडं १७,५०० पासून चालत असेल तर २ घरं · वारज्याबाहेर ३ घरं’

तिन्ही पर्याय म्हणजे दाबता येतील अशा चिप (छोटी बटणं). आकडे त्याच क्वेरीतून आलेत, वेगळी मोजणी नाही. ४० हजार ओळींचं एक सलग वाचन हे काही मोठं काम नव्हे, आणि ते फक्त निकाल शून्य आला तरच करायचं.

कॅप्लन यांचा मुद्दाही यातच सापडतो. एखादा बिट कुठल्याच मास्कमध्ये चालू नसेल तर ती एकटी अटच अपयशी आहे. मग ‘या भागात आमच्याकडे एकही जाहिरात नाही’ असं सांगा. बाकी चिप दाखवू नका, त्या दाबून काही मिळणार नाही. आणि किमान भाडं कमालपेक्षा जास्त, मजला इमारतीच्या मजल्यांपेक्षा वरचा, असल्या परस्परविरोधी अटी फॉर्मवरच पकडा. त्यासाठी डेटाबेसपर्यंत जायचं कारण नाही.

एक खड्डा. वर ‘एल्स ०’ लिहिल्यामुळे नल (न भरलेला रकाना) असलेली ओळ ‘अट मोडली’ या खात्यात जाते. साध्या ‘व्हेअर’मध्येही (क्वेरीतलं अटींचं कलम) नेमकं हेच होतं, फक्त तिथे ते दिसत नाही. मालकाने पाळीव प्राण्यांचा रकाना भरलाच नसेल तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. म्हणून दुसरा मास्क काढा, ज्यात नलला ‘हो’ धरायचं (कोअलेस करून ट्रू). पहिला मास्क ३१ नाही पण दुसरा ३१ आहे, अशा ओळी वेगळ्या दाखवा: ‘मालकाने याबद्दल काही सांगितलेलं नाही – विचारून पाहा’. वरच्या चार घरांपैकी तीन अशी निघाली, तर अट सैल करायची वेळच आलेली नाही! सैलपणाच्या चिप या गटानंतर. ‘<>’ वापरून लिहिलेल्या अटीही तपासा, त्यात नलच्या ओळी गुपचूप गळतात. तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ हवं.

---

उत्तर: हलन्त

बिटवाली यांच्या उत्तराला जोड, फक्त भागाच्या नावापुरती.

शुद्धलेखनासाठी पीजी_टीआरजीएम (दोन शब्दांचं साम्य मोजणारी पोस्टग्रेसची जोडणी) लावा असा सल्ला हमखास मिळतो. देवनागरीत तो जसाच्या तसा लावला तर फसतो. शब्दाआधी दोन आणि शेवटी एक रिकामी जागा धरून तीन-तीन कोडपॉइंटचे (युनिकोडमधले एकेक चिन्ह) तुकडे पाडून सामाईक भागिले एकूण वेगळे, असं हे साम्य निघतं, आणि ‘%’ या ऑपरेटरचा मूळ उंबरठा ०.३ आहे. मराठी नावं आखूड, त्यात काना-मात्रा स्वतंत्र कोडपॉइंट. हिशोब करून बघा:

पाषाण / पाशाण: दोन्हीकडे ६ तुकडे, सामाईक ३, एकूण ९. साम्य ०.३३, जेमतेम पास.
पुणे / पूणे: सामाईक २, एकूण ८. ०.२५, नापास.
औंध / औन्ध: सामाईक १, एकूण ८. ०.१२५.

उंबरठा ०.१ वर आणला तर काहीही काहीशीही जुळतं. म्हणून आधी सामान्यीकरण, मग साम्य. क्रम असा:

१. नॉर्मलाइझ() ने एनएफसी (युनिकोडचं प्रमाण रूप) करा (पोस्टग्रेस १३ पासून आहे).
२. झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं) काढा. पण त्याआधी ‘र + हलन्त + झेडडब्ल्यूजे’ ला ‘ऱ + हलन्त’ करून घ्या. नाहीतर जुन्या पद्धतीने टाइप केलेला ‘ऱ्या’ साधा ‘र्या’ होतो.
३. ‘अ’वर अर्धचंद्र लावून केलेला ‘ॲ’ आणि एकाच कोडपॉइंटचा ‘ॲ’ यांना एनएफसी एक करत नाही. हाताने बदला.
४. परसवर्णाचा अनुस्वार करा: ङ् + कवर्ग, ञ् + चवर्ग, ण् + टवर्ग, न् + तवर्ग, म् + पवर्ग. प्रत्येक वर्गातली पहिली चारच अक्षरं घ्या. पाचवं घेतलंत तर ‘अन्न’चं ‘अंन’ होईल.
५. दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा, स्वर आणि मात्रा दोन्ही. ट्रान्सलेट() पुरेसं.

एवढं केलं की ‘औन्ध’ आणि ‘पूणे’ थेट बरोबरीच्या चिन्हानेच सापडतात. साम्य फक्त ‘पाशाण’सारख्यांसाठी उरतं. सामान्य रूप जनरेटेड कॉलममध्ये (डेटाबेस स्वतःच भरतो असा रकाना) साठवा. पडद्यावर मात्र नेहमी मूळ नावच.

तुमच्या सर्व्हरवर हलन्ताशी शब्द तुटतो का तेही तपासा. पीजी_टीआरजीएम अक्षर कशाला म्हणायचं हे लोकेलला (सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगला) विचारतं, आणि हलन्त काही ठिकाणी अक्षर मानलं जात नाही. शो_टीआरजीएम() देवनागरीसाठी तुकडे न दाखवता ०एक्सने सुरू होणारे आकडे दाखवतं, म्हणून डोळ्यांनी कळत नाही. तुकडे मोजूनही कळत नाही: ‘कृष्णा’चे अखंड धरले तरी ७ आणि ‘कृष’ + ‘णा’ असे तुटले तरी ७. त्यामुळे शो_टीआरजीएम('कृष्णा') आणि शो_टीआरजीएम('कृष णा') हे दोन निकाल एकमेकांशी ताडून पाहा. सारखे आले तर तुटतंय.

आणखी एक. साम्य ४० हजार जाहिरातींवर चालवू नका. भागांचं वेगळं टेबल करा, शेदोनशे ओळींचं, त्याला उपनावांचं टेबल जोडा. ‘सिंहगड रोड’ आणि ‘सिंहगड रस्ता’ किंवा रोमन लिपीत टाइप केलेलं नाव, यांना कुठलंही साम्यसूत्र जोडणार नाही. ती यादी हातानेच भरावी लागते. इतक्या छोट्या टेबलाला इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) नको. मोठ्या टेबलावर करायचंच असेल तर लक्षात ठेवा, ‘सिमिलॅरिटी(क, ख) > ०.३’ असं लिहिलं तर जिन इंडेक्स वापरला जात नाही, ‘%’ लिहिलं तरच जातो. आणि ‘<->’ लावून जवळच्या क्रमाने हवं असेल तर जिस्ट इंडेक्स लागतो.

---

उत्तर: मुठेकाठ

वर ‘वारज्याबाहेर ३ घरं’ अशी चिप आहे. ती तशी दाखवू नका. ती तीन घरं हडपसरला असली तर? सगळं शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला.

भाग सैल करायच्या दोन पद्धती आहेत. एक उतरंडीची: यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) वेस्ली चू यांच्या गटाने १९९० च्या दशकात कोबेस नावाची प्रणाली केली, त्यात मूल्यांची झाडं होती. क्वेरी अपयशी झाली की एक पायरी वर चढायचं आणि त्या फांदीखालची भावंडं स्वीकारायची. वारजे → कर्वेनगर-कोथरूड पट्टा → पश्चिम पुणे. समजायला सोपी, समजावून सांगायलाही सोपी. पण फांदीच्या सीमेवरचे भाग मरतात: शेजारी असूनही दुसऱ्या फांदीवर.

दुसरी अंतराची. इथे सरळ रेषेतलं अंतर घेऊ नका. कर्वेनगर आणि विठ्ठलवाडी नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मध्ये मुठा नदी आहे आणि पुलावरूनच जावं लागतं. शिवणे आणि (पुण्याजवळच्या) नांदेडचंही तसंच, दोन काठांवर दोन. त्यापेक्षा शेजार(भाग, शेजारी, मिनिटे) असं टेबल ठेवा आणि प्रत्यक्ष रस्त्याने लागणारी मिनिटं भरा. दोनशे भाग आणि प्रत्येकाचे सहा-आठ शेजारी धरले तर दीड हजार ओळी. मास्कची क्वेरी याच टेबलाला जोडली की चिप ‘कर्वेनगरला २ घरं, १० मिनिटं’ अशी नेमकी होते.

भाड्याच्या बाबतीत टक्क्यांनी वाढवायची सवय दिसते, १० टक्के, मग २० टक्के. नको. पुढचं खरं घर जिथे आहे तिथेच उडी मारा. बिटवाली यांच्या क्वेरीतलं मिन(भाडे) तेच देतं. मात्र वरची मर्यादा ठेवा. १५,००० मागणाऱ्याला ३२,००० ची चिप दाखवणं ही मदत नव्हे. मर्यादेत काही नसेल तर ती चिपच नको.

काही अटींना हात लावायचाच नाही. लिफ्ट किंवा तळमजला मागणाऱ्याच्या घरी चाकाची खुर्ची असू शकते. प्रत्येक फिल्टरपाशी ‘हवंच’ अशी खूण द्या. खूण केलेल्या अटी मास्कमध्ये घेऊ नका, सरळ ‘व्हेअर’मध्ये टाका. बिट कमी होतात, वाचनही कमी.

---

उत्तर: तळमजला

मास्क करून पाहिला, चालतोय. नल वेगळे काढल्यावर बऱ्याच शून्यांचं कारण तेच निघालं. दोन शंका.

अ) ‘स्वस्त’, ‘स्टेशनजवळ’ अशा धूसर अटींसाठी फझी गुण द्यावेत का?
आ) सगळे फिल्टर धरले तर १२ अटी होतात. तेव्हाही हेच?

---

उत्तर: बिटवाली

अ) जपून. बॉस्क आणि पिव्हर्ट यांची एसक्यूएलएफ ही भाषा १९९५ ची, त्यात प्रत्येक अटीला ० ते १ गुण मिळतो. समजा १२,००० पर्यंत भाडं पूर्ण स्वस्त (१), १८,००० ला अजिबात नाही (०), मध्ये सरळ रेष. १५,००० ला ०.५. इथवर ठीक. गोंधळ ‘अँड’मध्ये होतो. रूढ पद्धतीत ‘अँड’ म्हणजे गुणांतला किमान. मग (०.४, १) आणि (०.४, ०.४) ही दोन घरं बरोबरीत येतात आणि वापरकर्त्याला क्रम वेडगळ वाटतो. गुणाकार घेतला तर हे सुटतं, पण अटी वाढल्या की सगळेच गुण शून्याकडे सरकतात.

मला स्वतःला ‘८७% जुळतं’ असा बिल्ला बघवत नाही. कशाचे ८७? त्यापेक्षा स्कायलाइन: बॉर्झोनी, कॉसमन आणि स्टॉकर यांनी २००१ मध्ये मांडलेली. भाडं आणि स्टेशनचं अंतर यांपैकी एकात पुढे आणि दुसऱ्यात निदान बरोबरीला असं दुसरं कुठलंही घर ज्यांच्यावर मात करत नाही, तेवढीच घरं दाखवायची. वजनं ठरवायची भानगड नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी वेगळं कलम नाही, ‘नॉट एक्झिस्ट्स’ लावून लिहावं लागतं: दोन्हींत निदान तितकंच चांगलं आणि एकात तरी जास्त चांगलं असं दुसरं घर नसावं. दोन-तीन निकषांपर्यंतच वापरा. पाच-सहा झाले की जवळजवळ प्रत्येक घर कशात ना कशात पुढे असतंच आणि छाननी उरत नाही.

आ) १२ अटींना मास्क जास्तीत जास्त ४०९६, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, आणि वाचन एकदाच. अडचण वेगाची नसून दाखवण्याची होते. किमान अपयशी संच अनेक निघू शकतात. अशा वेळी एका संचातली एक अट काढूनही निकाल शून्यच राहतो, दुसरा संच अजून उभाच असतो. म्हणून चिप अपयशी संचांवरून बनवू नका. चिप बनवायच्या सर्वांत मोठ्या मास्कवरून, म्हणजे दाबल्यावर घर मिळणार याची खात्री असते. अपयशी संच फक्त वरच्या वाक्यापुरता, तोही तीन अटींपर्यंतचा. त्याहून लांब वाक्य कोणी वाचत नाही.

टेबल कोटी ओळींचं असेल तर मास्क परवडणार नाही. तिथे एकच किमान अपयशी संच काढायचा: अटी एकेक करून काढा, अजूनही शून्य असेल तर ती बाहेरच राहू द्या, काही मिळालं तर परत आत घ्या. १२ अटींना १२ तपासण्या. कोणता संच हाती लागेल हे काढण्याच्या क्रमावर ठरतं. ‘एक्झिस्ट्स’ वापरा, पण ते निकाल सापडल्यावरच लवकर थांबतं. शून्य असेल तर पूर्ण वाचूनच सांगतं, आणि इथे बऱ्याच तपासण्या शून्यच असणार. प्रत्येकीला स्टेटमेंट_टाइमआउट (क्वेरीची कमाल वेळ) लावा.

---

उत्तर: मुठेकाठ

स्क्रीनबद्दल राहिलेलं. चिप दाबल्यावर मूळ अट पुसू नका. ‘भाडं १५,०००’ खोडलेलं आणि शेजारी ‘१७,५००’ असं दिसू दे, एका दाबात परत जाता आलं पाहिजे. यूआरएलमध्ये मूळ अटी आणि सैल केलेल्या अटी वेगवेगळ्या ठेवा. नाहीतर कोणी दुवा घरच्यांना पाठवला की त्यांना सैल केलेलीच मागणी मूळ वाटते, आणि ‘नवीन घर आलं की कळवा’ ही सूचनाही १७,५०० वर लागते.

अचूक निकाल एक-दोन असले आणि खाली जवळची घरं दाखवायची असतील तर दोन स्वतंत्र याद्या करा, मध्ये मथळा. एकाच यादीत मिसळून पानं पाडली तर दुसऱ्या पानावर काय अचूक आणि काय जवळचं हे कळणार नाही.

लॉगमध्ये तीनच गोष्टी: मूळ अटी, अपयशी संच, दाबलेली चिप. फोन नंबर, नाव नको. महिनाभराच्या लॉगवर अपयशी संचाने ग्रुप बाय केलं की ‘वारजे + पाळीव प्राणी’ असे गट वर येतात, आणि जाहिराती गोळा करणाऱ्यांना कुठल्या मालकांना फोन करायचा ते कळतं. कोणी कधीच न दाबलेली चिप कोणती तेही बघा. बहुतेक ती मजल्याची निघेल.